मोगलीला जंगलात घर देणाऱ्या माणसाचं स्वतःचं बालपण परक्या घरात मार खाण्यात गेलं

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसलेल्या प्रत्येकाला मोगली माहिती आहे. गुलजारांनी लिहिलेलं ते शीर्षकगीत लागलं की आंघोळ अर्धवट टाकून पोरं टीव्हीसमोर पळायची. लांडग्यांच्या कळपात वाढलेलं माणसाचं पोर, त्याला जपणारा बघीरा, शिकवणारा बल्लू आणि टपून बसलेला शेरखान.

ही गोष्ट लिहिली रुडयार्ड किपलिंगनं. तो मुंबईत जन्मला, त्याला नोबेल मिळालं आणि तो इंग्रज साम्राज्याचा कट्टर समर्थक होता, इतकं बऱ्याच जणांना माहिती असतं.

पण पाच वर्षांचा असताना त्याला इंग्लंडमधल्या एका अनोळखी घरात सोडून त्याचे आईवडील भारतात निघून आले होते, आणि त्या घरात सहा वर्षं त्याचा छळ झाला, हे फारसं कुणी सांगत नाही. आईवडिलांपासून तुटलेलं पोर आणि त्याला आपलं म्हणणारं परकं कुटुंब, हा विषय त्याच्या लिखाणात पुन्हा पुन्हा का येतो, याचं उत्तर त्या सहा वर्षांत आहे.

मुंबईतली पाच वर्षं

किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा. ठिकाण होतं मुंबईतल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं आवार. त्याचे वडील जॉन लॉकवूड किपलिंग त्याच वर्षी लग्न करून मुंबईत आले होते आणि जे. जे. मध्ये शिल्पकला शिकवत होते. आजही क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर शेतकरी आणि बाजारातल्या माणसांची जी दगडी शिल्पं दिसतात, ती या लॉकवूड किपलिंग यांचीच म्हणून ओळखली जातात. आई ॲलिस मॅकडोनल्ड. इंग्लंडमधल्या रुडयार्ड नावाच्या तलावाकाठी दोघांची ओळख झाली होती, म्हणून पोराचं नाव रुडयार्ड. घरात सगळे त्याला रुडी म्हणायचे.

रुडीला सांभाळायला दोन माणसं होती. एक आया, ती पोर्तुगीज रोमन कॅथलिक होती. दुसरा मीता नावाचा हिंदू नोकर. आया त्याला सकाळी फळबाजारात न्यायची, वाटेत क्रूस लागला की थांबून प्रार्थना करायची. मीता त्याला हात धरून छोट्या छोट्या देवळांत घेऊन जायचा. दुपारी झोपताना दोघं त्याला गोष्टी सांगायचे, गाणी म्हणायचे.

त्यामुळे या गोऱ्या पोराची पहिली भाषा इंग्रजी नव्हतीच. तो हिंदुस्थानीत विचार करायचा आणि हिंदुस्थानीतच बोलायचा. संध्याकाळी नटवूनथटवून त्याला आईवडिलांसमोर पाठवताना नोकरांना आठवण करून द्यावी लागायची की आता साहेब-मेमसाहेबांशी इंग्रजीत बोल. घरातला एकुलता एक मुलगा, सगळ्यांचा लाडका. हट्टी होता, आरडाओरडा करायचा. पण आपल्यावर सगळ्यांचं प्रेम आहे, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

१८६८ मध्ये बहीण झाली. तिचं नाव ॲलिस, पण सगळे तिला ट्रिक्स म्हणायचे.

मुलांना इंग्लंडला का पाठवलं?

आज हे वाचताना राग येतो, पण त्या काळी भारतात राहणाऱ्या इंग्रज कुटुंबांमध्ये ही रीतच होती. कॉलरा, टायफॉइड आणि उन्हाळा, यात गोरी मुलं पटापट दगावायची. किपलिंग दांपत्याचं तिसरं मूल १८७० मध्ये जन्मतःच गेलं होतं.

दुसरं कारण जास्त बोचरं होतं. नोकरांच्या हाताखाली वाढलेली मुलं नेटिवांसारखी बोलतील, वागतील, याची इंग्रजांना भीती वाटायची. म्हणून पाच-सहा वर्षांची झाली की मुलांची रवानगी इंग्लंडला व्हायची. ज्यांचे नातेवाईक सांभाळायला तयार असायचे ती मुलं नातेवाइकांकडे जायची. बाकीच्यांसाठी पैसे घेऊन मुलं सांभाळणारी घरं होती. त्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत यायच्या.

रुडीच्या आईच्या बहिणी इंग्लंडमध्ये चांगल्या सुस्थितीत होत्या. पण त्याआधीच्या एका इंग्लंडवारीत या हट्टी पोरानं आजोळ डोक्यावर घेतलं होतं. नातेवाइकांवर भार नको, म्हणून असेल किंवा स्वाभिमान म्हणून असेल, किपलिंग दांपत्यानं जाहिरात पाहून एक घर निवडलं. पोर्ट्समथजवळच्या साउथसी भागात लॉर्न लॉज नावाचं घर होतं. तिथे निवृत्त कॅप्टन होलोवे, त्यांची बायको सारा आणि त्यांचा मुलगा हॅरी राहायचे. या कुटुंबाशी किपलिंग दांपत्याची आधीची काही ओळख नव्हती.

१८७१ च्या अखेरीस रुडी आणि ट्रिक्सला तिथे ठेवलं गेलं. तो सहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ती तीन वर्षांची.

आणि आईवडील मुलांचा निरोप न घेताच निघून गेले.

रडारड नको, मुलांना जास्त त्रास होईल, असा सल्ला त्या काळी दिला जायचा. पण मुलांच्या बाजूनं बघितलं, तर एक दिवस आईबाबा होते आणि दुसऱ्या दिवशी नव्हते. का गेले, कधी येणार, काहीच कुणी सांगितलं नाही. पुढे ट्रिक्सनं आपल्या आठवणींत लिहिलं की आम्ही खोडकर होतो म्हणून आईबाबांनी आम्हाला टाकलं, असं त्यांना होलोवे बाईंकडून ऐकावं लागायचं.

साउथसीतली सहा वर्षं

घरातला एकच माणूस बरा होता, तो म्हणजे म्हातारा कॅप्टन. तरुणपणी तो नवारिनोच्या समुद्रयुद्धात होता. तो रुडीला बंदरावर फिरायला न्यायचा, जहाजं दाखवायचा, कधीमधी गोड बोलायचा. पण १८७४ मध्ये कॅप्टन वारला आणि या पोराची बाजू घेणारं घरात कुणी उरलं नाही.

होलोवे बाई कट्टर धार्मिक होत्या. रुडीनं नरक हा शब्दही तोवर ऐकला नव्हता. इथे त्याला तो सगळ्या वर्णनासकट ऐकवला गेला. लहानसहान चुकीला मार होता. शिक्षा म्हणून बायबलमधले उतारे पाठ करायला लावायचे, एकट्याला कोंडून ठेवायचं, हे रोजचं झालं. ट्रिक्स मात्र बाईंची लाडकी होती. तिला मुलगी नव्हती, त्यामुळे तिचा सगळा जीव ट्रिक्सवर आणि सगळा राग रुडीवर. बहीण चांगली, भाऊ वाईट, अशी घराची सरळ वाटणी झाली होती.

यात भर पडली हॅरीची. हॅरी रुडीपेक्षा बराच मोठा होता आणि दोघं एकाच खोलीत झोपायचे. रात्री अंथरुणावर पडलं की हॅरीची उलटतपासणी सुरू व्हायची. आज दिवसभरात काय केलंस, कुठे गेलास, कोणाशी बोललास? पेंगुळलेल्या सात-आठ वर्षांच्या पोराच्या उत्तरांत कुठेतरी विसंगती यायचीच. ती पकडायची आणि सकाळी नाश्त्याच्या टेबलावर आईला सांगायची. मग खोटं बोलल्याबद्दल पुन्हा मार.

म्हातारपणी किपलिंगनं या उलटतपासणीबद्दल एक विचित्र गोष्ट लिहून ठेवली. मार वाचवायचा तर खोटं नीट जुळवून सांगावं लागायचं, सगळे तपशील एकमेकांशी जुळावे लागायचे. आपल्या लेखनाचा पाया बहुधा तिथेच पडला असावा, असं त्याला वाटायचं.

पुस्तकं, तळघर आणि नारळाची करवंटी

रुडीला वाचायला उशिराच शिकवलं गेलं. सुरुवातीला त्याला त्यात रस नव्हता. पण एकदा वाचता यायला लागल्यावर त्याला कळलं की या घरातून बाहेर पडायचा हा एकच रस्ता आहे. भारतातून वडील पुस्तकं पाठवायचे. त्यात रॉबिन्सन क्रूसोही आलं. घराच्या ओलसर तळघरात एक नारळाची करवंटी, एक पत्र्याची पेटी आणि एक खोका एवढ्या सामानावर त्यानं आपलं स्वतःचं बेट उभं केलं. तिथे तो एकटाच तासन्‌तास खेळायचा.

पोराला वाचायला आवडतं हे बाईंच्या लक्षात आलं आणि पुस्तकं काढून घेणं ही नवी शिक्षा झाली. मग तो चोरून वाचायला लागला. मिळेल त्या उजेडात, मिळेल त्या कोपऱ्यात.

आणि त्याची दृष्टी जात होती, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

शाळेत फळ्यावरचं दिसेना. अभ्यासात घसरण झाली. महिन्याचा शेरा इतका वाईट आला की त्यानं तो फेकून दिला आणि मिळालाच नाही असं सांगितलं. हे उघडकीला यायला वेळ लागला नाही. बेदम मार बसलाच, पण त्यानं बाईंचं समाधान झालं नाही. खोटारडा असं लिहिलेली पाटी त्याच्या पाठीवर लावली आणि त्याच अवस्थेत त्याला साउथसीच्या रस्त्यांवरून शाळेत पाठवलं.

त्यानंतर तो आजारीच पडला. नसलेल्या सावल्या त्याला दिसायला लागल्या. ट्रिक्सला त्याच्याशी बोलायची बंदी झाली. त्याच्या वाईटपणाची तिला लागण होईल म्हणून.

डिसेंबरची वाट

या सहा वर्षांत दरवर्षी एक महिना तेवढा वेगळा असायचा. डिसेंबरमध्ये त्याला लंडनच्या फुलम भागात मावशीकडे पाठवायचे. मावशी जॉर्जियाना, तिचा नवरा म्हणजे नामवंत चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स. घराचं नाव द ग्रेंज. तिथे मावसभावंडं होती, रंगांचा वास होता, रात्री गोष्टी होत्या. प्रसिद्ध कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस त्या घरी नेहमी यायचे आणि मुलांना गोष्टी सांगायचे.

घराच्या दारावर लोखंडी घंटा होती. हात उंचावून ती ओढली की दार उघडायचं आणि महिनाभर सुख सुरू व्हायचं.

मग साहजिकच कुणीही विचारेल, त्यानं मावशीला का नाही सांगितलं?

हा प्रश्न मावशीनंही त्याला पुढे अनेकदा विचारला. त्याचं उत्तर लहान मुलांवरच्या अत्याचाराबद्दल आज जे बोललं जातं त्याच्याशी तंतोतंत जुळतं. मूल जे भोगतं, तेच जगाचा नियम आहे असं त्याला वाटतं. दुसरं काही असू शकतं हेच त्याला माहिती नसतं. आणि ज्या घरात परत जायचंय त्या घराबद्दल तक्रार केली, तर परत गेल्यावर काय होईल, हे मार खाणाऱ्या पोराला फार चांगलं ठाऊक असतं. शिवाय आपण वाईट आहोत म्हणून हे होतंय, असं रोज ऐकल्यावर तक्रार तरी कशाची करायची?

एक हात वर गेला

शेवटी त्याच्या डोळ्यांनीच त्याला सोडवलं. कुणीतरी त्याची तपासणी केली आणि हे पोर अर्ध आंधळं झालंय, असं निदान झालं. भारतात कळवलं गेलं. १८७७ च्या वसंतात आई इंग्लंडला आली.

तो बारावीत होता, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षात. आई नक्की कशी दिसते हेही त्याला नीट आठवत नव्हतं. रात्री ती त्याच्या खोलीत आली, पापी घ्यायला खाली वाकली आणि त्या पोराचा हात आपोआप वर गेला. तोंडावर बसणारा फटका अडवायला.

आईला आणखी काही सांगायची गरज उरली नाही.

तिनं त्याला लॉर्न लॉजमधून काढलं आणि दोन्ही मुलांना घेऊन एपिंग जंगलाच्या कडेला एका शेतावर राहायला गेली. काही महिने शाळा नाही, शिक्षा नाही. चष्मा मिळाला. झाडांवर चढायचं, घोड्यांमागे फिरायचं, चिखलात लोळायचं. सोबतीला मावसभाऊ स्टॅन्ली बाल्डविन यायचा, जो पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला.

मात्र ही गोष्ट इथे सिनेमासारखी संपत नाही. आईनं पुढे ट्रिक्सला पुन्हा त्याच होलोवे बाईंकडे ठेवलं. तिच्याशी बाई चांगल्या वागायच्या, एवढंच कदाचित तिनं पाहिलं. काही अभ्यासक याच मुद्द्यावर बोट ठेवून म्हणतात की किपलिंगनं साउथसीचा छळ वाढवून सांगितला. पण एकाच घरात एका मुलाचे लाड आणि दुसऱ्याचा छळ, हे अजिबात दुर्मिळ नाही. आणि जिचे तिथे लाड झाले त्या ट्रिक्सनंच म्हातारपणी भावाच्या बाजूनं साक्ष दिली.

मग तो सावरला कसा?

एका झटक्यात नाही. पण काही गोष्टी कामी आल्या.

पहिली म्हणजे मुंबईतली पाच वर्षं. कुणीतरी आपल्याला विनाअट जीव लावला होता, हे त्याच्या आत कुठेतरी शिल्लक होतं. दुसरी, दरवर्षीचा तो एक डिसेंबर. जग सगळीकडे लॉर्न लॉजसारखं नसतं, याचा तो पुरावा होता.

तिसरी गोष्ट घडली १८७८ मध्ये. त्याला डेव्हनमधल्या युनायटेड सर्व्हिसेस कॉलेज या शाळेत घातलं. मुख्याध्यापक कॉर्मेल प्राइस हे घरच्या ओळखीतले. शाळा कडक होती, सुरुवातीला तिथेही दादागिरी सोसावी लागली. पण जाड भिंगाच्या या पोराला सैन्यात जाता येणार नाही, त्याला शब्दांचं वेड आहे, हे प्राइस यांनी ओळखलं. त्यांनी शाळेचं मासिक पुन्हा सुरू करून त्याला संपादक केलं आणि आपल्या खासगी ग्रंथालयाचं दार त्याच्यासाठी उघडं ठेवलं. एका घरात पुस्तकं काढून घेणं ही शिक्षा होती. इथे एक माणूस त्याला हवी ती पुस्तकं वाच म्हणत होता.

चौथी गोष्ट म्हणजे भारत. कॉलेजात जायला पैसे नव्हते. वडील तोवर लाहोरला कलाशाळेचे प्राचार्य आणि संग्रहालयाचे प्रमुख झाले होते. त्यांनी लाहोरच्या सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेटमध्ये पोरासाठी नोकरी पाहिली. ऑक्टोबर १८८२ मध्ये किपलिंग मुंबई बंदरात उतरला. वय सोळा वर्षं नऊ महिने.

बंदरावरचे वास आणि आवाज कानानाकात शिरले आणि त्याच्या तोंडून आपोआप इथल्या भाषेतली वाक्यं बाहेर पडायला लागली. त्यातल्या काहींचा अर्थही त्याला आठवत नव्हता. अकरा वर्षं दाबून ठेवलेली भाषा शिल्लक होती.

लाहोरला आई, वडील, ट्रिक्स आणि तो, असं चौघांचं कुटुंब पुन्हा एकत्र राहिलं. तो दिवसा पेपरचं काम करायचा, रात्री झोप येत नसे म्हणून लाहोरच्या गल्ल्यांतून भटकायचा. निद्रानाश त्याला आयुष्यभर पुरला. पण त्या भटकंतीतून त्याला गोष्टी मिळाल्या. १८८८ मध्ये त्याचे कथासंग्रह यायला लागले आणि दोन-तीन वर्षांत लंडनमध्ये त्याचं नाव झालं.

पहिल्यांदा सगळं कागदावर आलं

१८८८ च्या अखेरीस, अलाहाबादला असताना, त्यानं 'बा बा, ब्लॅक शीप' ही कथा लिहिली. भारतातून इंग्लंडला पाठवलेली दोन लहान भावंडं, एक क्रूर बाई, पाठीवरची पाटी आणि शेवटी आईला पाहून वर गेलेला हात. नावं बदलली होती, बाकी फारसं काही बदललं नव्हतं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होत होता.

आईवडील हयात होते. ती कथा त्यांनीही वाचली. आपण मुलांना चांगल्या घरी ठेवलं होतं, या त्यांच्या समजुतीला तो जोराचा धक्का होता.

पुढे पहिल्या कादंबरीची सुरुवातही त्यानं अशाच एका घरातल्या दोन मुलांनी केली. त्या कादंबरीचा नायक चित्रकार आहे आणि त्याची दृष्टी जाते. साउथसीत अंधारत गेलेलं जग त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

१८९१ च्या अखेरीस तो शेवटचा भारतात आला. मुंबईत त्याची जुनी आया त्याला भेटली. म्हातारी झाली होती, पण ओळखू येईल इतकी तशीच. तिनं डोळ्यांत पाणी आणून त्याला आशीर्वाद दिले. त्यानंतर तो पुन्हा कधी भारतात आला नाही.

बर्फात जन्मलेला मोगली

जानेवारी १८९२ मध्ये त्यानं कॅरी बॅलेस्टियर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं आणि दोघं अमेरिकेतल्या व्हर्मोंटला राहायला गेले. पहिलं बाळ होणार होतं. बाहेर बर्फ पडत होतं आणि आत बसून हा माणूस मध्य भारतातल्या सिवनीच्या जंगलाची गोष्ट लिहीत होता, जिथे तो कधी गेलाच नव्हता. विदर्भातून वाहणारी वैनगंगा नदी त्या गोष्टींत आहे.

१८९४ मध्ये 'जंगल बुक' आलं, पुढच्या वर्षी दुसरा भाग.

आता मोगलीची गोष्ट पुन्हा आठवून पाहा. आईवडिलांपासून तुटलेलं एक लहान मूल अनोळखी घराच्या दारात येतं. इथपर्यंत ती रुडीचीच गोष्ट आहे. पण या घरातली आई लांडगीण आहे आणि ती त्या पोरासाठी वाघाशी भांडते. त्याला शिकवणारं अस्वल कडक आहे, फटकेही देतं, पण जीव लावतं. त्याच्यासाठी बघीरा कळपाला किंमत मोजतो. साउथसीत जे मिळायला हवं होतं ते सगळं सिवनीच्या जंगलात मिळतं. आणि तरीही मोगली पूर्णपणे ना जंगलाचा होतो ना गावाचा.

१९०१ मध्ये आलेला 'किम' बघा. लाहोरच्या रस्त्यावर वाढलेला गोरा अनाथ पोरगा आणि त्याला मुलासारखं जपणारा तिबेटी लामा. पुन्हा तेच. रक्ताचं नातं नाही, पण आधार आहे.

१९०७ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. इंग्रजीत लिहिणारा तो पहिला नोबेल विजेता. तेव्हा वय ४१. इतक्या कमी वयात साहित्याचं नोबेल आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही.

पण जखमा राहिल्याच

किपलिंगला फक्त बिचारा म्हणून सोडून देता येत नाही. ज्या भारतीय माणसांनी त्याला पहिलं प्रेम दिलं, त्यांना स्वतःचं राज्य चालवता येईल हे त्यानं कधीच मान्य केलं नाही. गोऱ्यांनी जगावर राज्य करणं हे कर्तव्य आहे, असं सांगणारी त्याची १८९९ ची कविता आजही साम्राज्यवादाचं उदाहरण म्हणून दाखवली जाते. जालियनवाला बागेत गोळ्या झाडणाऱ्या जनरल डायरसाठी इंग्लंडमध्ये निधी गोळा झाला, त्यात किपलिंगनंही देणगी दिली. लहानपणी छळ झालेला माणूस मोठेपणी प्रत्येक दुबळ्याच्या बाजूनं उभा राहतोच असं नाही.

घरातही दुःख संपलं नाही. १८९९ मध्ये त्याची लाडकी मुलगी जोसेफिन सहा वर्षांची असताना न्यूमोनियानं गेली. बहीण ट्रिक्सला १८९८ मध्ये मानसिक आजारानं गाठलं आणि तो तिच्यासोबत वर्षानुवर्षं राहिला. त्या घरात लाड झालेली मुलगीही सुखरूप बाहेर पडली असं म्हणता येत नाही.

आणि मग जॉन. किपलिंगच्या या मुलाचे डोळेही बापासारखेच कमजोर होते. पहिलं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा दृष्टीमुळे त्याला सैन्यानं नाकारलं. किपलिंगनं आपली ओळख वापरून, लॉर्ड रॉबर्ट्स यांना सांगून, त्याला आयरिश गार्ड्समध्ये घातलं. सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत जॉन बेपत्ता झाला. अठरा वर्षं पूर्ण होऊन त्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते. बापाच्या हयातीत त्याचा मृतदेह सापडला नाही. किपलिंग पुढे युद्धातल्या कबरींची देखभाल करणाऱ्या आयोगात काम करत राहिला. अनोळखी सैनिकांच्या कबरीवर जी ओळ कोरली जाते, ती त्यानंच सुचवलेली आहे.

१९२० मध्ये तो बायकोला घेऊन साउथसीला गेला आणि तिला ते घर दाखवलं. पन्नाशी ओलांडलेला, जगभर नाव झालेला माणूस. पण त्या घराबद्दल बोलताना त्याला तेव्हाही धसका वाटत होता.

दारावरची घंटा

१८ जानेवारी १९३६ ला किपलिंग गेला. शेवटच्या महिन्यांत तो आत्मचरित्र लिहीत होता. ते पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं. त्याच्या पहिल्याच प्रकरणात मुंबईची पाच वर्षं आहेत आणि त्यानंतर लगेच साउथसीची सहा वर्षं. मोठेपणची कितीतरी दुःखं त्यानं त्या पुस्तकात टाळली, पण हे टाळलं नाही. त्या घरानं आपल्यातली वैयक्तिक द्वेष करायची ताकदच संपवून टाकली, असं त्यानं तिथे लिहून ठेवलं. हे कितपत खरं, ते त्याच्या राजकारणाकडे बघून ज्यानं त्यानं ठरवावं.

त्याच पुस्तकात आणखी एक छोटी गोष्ट आहे. मावशीच्या घराच्या दारावरची ती लोखंडी घंटा. मोठं झाल्यावर त्याचं स्वतःचं घर झालं, तेव्हा त्यानं ती घंटा मावशीकडच्यांकडून मागून घेतली आणि आपल्या दाराला लावली. त्याच्या दारात येणाऱ्या मुलांनाही ती ओढताना तसंच सुख मिळावं, एवढीच त्याची इच्छा होती.

आज मुंबईत जे. जे. च्या आवारात किपलिंग बंगला आहे. सध्याची इमारत त्याच्या जन्मानंतर बांधलेली मानली जाते, पण जागा तीच. जेमतेम पाच वर्षं तिथे राहिलेल्या पोराला पुढची सहा वर्षं तग धरायला तिथली माया पुरली. ती लावणाऱ्या दोन माणसांपैकी एकाचं नाव मीता होतं. दुसरीचं नाव त्यानं पुस्तकात लिहिलंच नाही. तिला तो शेवटपर्यंत आयाच म्हणत राहिला.